आत्मचरित्राच्या कपाटातली आई

आमच्या वाचनालयात दुपारी कोणी नसतं. जेवणाच्या वेळेला दार लोटायचं ते उन्हं कलल्यावर उघडायचं, अशी इथली जुनी रीत आहे आणि मधला वेळ माझा असतो. घर हाकेच्या अंतरावर असूनही मी जेवायला जात नाही, डबा आणते. खाऊन झालं की मागची खिडकी उघडून बसते. खिडकीमागे सुपारीची वाडी, तिच्यामागे माड, आणि माडांच्या मागे मुरुडचा समुद्र. तो इथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

त्या आवाजात डोळे मिटतात, आणि मिटले की मला हमखास एकच दिसतं. कपाटांची दारं आपोआप उघडली आहेत आणि पुस्तकं सावकाश जागा बदलताहेत. एखादं जाडजूड चरित्र कादंबऱ्यांत जाऊन टेकतं. कवितेचं सडपातळ पुस्तक प्रवासवर्णनांत शिरतं आणि तिथेच रमतं. नाटकं तर काय, कुठेही जातात. मी हे सगळं बघत असते आणि कुणावर ओरडत नाही.

जागेपणी मात्र मी फार ओरडते. कथासंग्रह कादंबरीत खोचलेला दिसला की माझा पारा चढतो. सभासद मला टरकून असतात आणि माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. म्हणोत बापडे. पुस्तकाला त्याची जागा मिळाली नाही तर ते असून नसल्यासारखं, हे त्यांना कोण सांगणार?

ग्रंथपालाचा कोर्स मी अलिबागला जाऊन-येऊन केला. तिथे शिकवलेली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. जगातली बाकी सगळी पुस्तकं ती कशाबद्दल आहेत ते पाहून लावायची. साहित्य मात्र कुठल्या घाटाचं आहे ते पाहून लावायचं. म्हणजे मासळीवरचं पुस्तक मासळीत जाणार. पण कोळ्याच्या पोराची कादंबरी, तिच्या पानापानाला सुक्या बोंबलाचा वास येत असला तरी, कादंबरीतच जाणार. आत काय आहे ते विचारायचं नाही, भांडं कुठलं तेवढं बघायचं.

आमचं वाचनालय लहान. इथे वर्गीकरणाचे दशांशातले लांबलचक आकडे कुणाला नकोत. कपाटांवर पाट्या आहेत: कादंबरी, कथा, कविता, नाटक, चरित्र, आत्मचरित्र, प्रवास, विनोद, धार्मिक, बाल. आणि दाराजवळ खाऱ्या वाऱ्याने तळाशी गंजलेलं एक कपाट आहे, त्यावर संकीर्ण. संकीर्ण म्हणजे ग्रंथपालाची अडगळीची खोली. गांडूळखत, हस्तसामुद्रिक, लोणची-मुरंबे, कुणाच्या तरी एकसष्टीची गौरविका, ज्याचं काय करावं ते कळत नाही ते सगळं तिथे.

सभासदांची वर्गवारी अर्थात निराळीच. कुणाला ‘रडकं नको’ असतं, कुणाला ‘परवासारखंच’ हवं असतं. दिघीच्या फेरीबोटीवर काम करणारा एक जण नेहमी ‘एका फेरीत संपेल असं’ मागतो. त्याला मी मुकाट्याने कथासंग्रह देते. कथेची याहून चांगली व्याख्या मला कोर्समध्येही कुणी सांगितली नव्हती.

माझे बाबा रोज संध्याकाळी वाचनालयात यायचे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, कुठली कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा आहे ते सांगायचं, असं त्यांचं काम. माईकवर ते अगदी पुस्तकी बोलत, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’. माईक बंद झाला की त्यांचं हाय-न्हाय सुरू. लहानपणी मला वाटायचं, आपले बाबा दोन आहेत. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू अधू होत गेली. तरी ते वर्तमानपत्रांच्या टेबलाशी येऊन बसत आणि शेजारचा जे मोठ्याने वाचेल ते ऐकत.

ते काहीतरी लिहिताहेत हे मला ठाऊक होतं. जाड पेनने, मोठ्या अक्षरांत, ओळीवर ओळ चढवत लिहायचे. मी विचारलं की म्हणायचे, “छापून झालं की बघ.” मला वाटलं, म्हातारपणाचा विरंगुळा आहे, असू दे. मग एकदा ते भर दुपारी रिक्षाने आले. मांडीवर सुतळीने बांधलेला गठ्ठा. अलिबागच्या छापखान्यातून आणलेली पुस्तकं. मुखपृष्ठावर लाल गाडी आणि खाली बारीक अक्षरांत ‘एका नियंत्रकाचे आत्मचरित्र’. एक प्रत त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “दाखल करून घे. आत्मचरित्रात लाव.” इतके खूश होते की चहा नको म्हणाले. बाबा चहा नको म्हणाल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मी ते दुपारच्या वेळातच वाचलं. पहिली प्रकरणं खरी होती. त्यांचं गाव, रेवदंड्याला मामाकडे राहून केलेली शाळा, नोकरी, लग्न, माझा जन्म. मग आईची कावीळ आली. माझी आई काविळीने गेली तेव्हा मी अजून शाळेतसुद्धा जात नव्हते. मला आत्याने वाढवलं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी जरा सावरून बसले आणि पान उलटलं.

पुस्तकात आई बरी झाली होती. दवाखान्यातून ती एसटीने परत येते. बाबांनी तिला ड्रायव्हरच्या मागची जागा राखून ठेवायला सांगितलेली असते. स्टँडवर ती उतरते तेव्हा ते खिडकी सोडून जाऊ शकत नाहीत, कारण बोर्लीची गाडी पुकारायची असते. ती हात करते आणि एकटीच घरी चालत जाते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, छापताना काहीतरी राहून गेलं असेल.

पण राहून काहीच गेलं नव्हतं. पुढे सगळीकडे आई होती. वालाचं बिरडं तिखट केलं म्हणून बाबांशी भांडणारी, थंडीत वाडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावली की मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला स्वतः खुडून आणणारी आणि मडकं उघडायच्या आधीच ‘कच्चं राहिलंय’ म्हणणारी आई. ती दर पाचदहा पानांनी थोडी थोडी म्हातारी होत होती. जाड झाली होती, तिला चष्मा लागला होता, केस पांढरे झाल्यावर तिने मेंदी लावली आणि बाबांनी चेष्टा केली म्हणून बोलणं टाकलं होतं. मी गणितात नापास झाले तेव्हा तिने मला मारलं नाही, माझ्यासमोर बसून स्वतःच ती गणितं सोडवायचा प्रयत्न केला. तिलाही ती आली नाहीत, असं बाबांनी लिहिलं होतं.

मी मोठी झाले त्या दिवशीचं एक पान आहे. खरं तर त्या दिवशी आत्या गावाला गेली होती. मी न्हाणीघरात कडी लावून बसले होते आणि बाबा बाहेरून ‘काय झालं गो, काय झालं’ म्हणून हाका मारत होते. पुस्तकात आई घरी आहे. ती मला आतल्या खोलीत नेते आणि दार लावून घेते. बाबा बाहेर ओट्यावर बसून राहतात. ‘त्या दोघी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही,’ एवढंच त्यांनी लिहिलं आहे. त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. वाडीतल्या कुणीतरी पाटाचं पाणी सोडलं होतं, ते सुपारीच्या आळ्यांतून फिरत होतं. मला वाटलं, मीच त्या बंद खोलीत आहे आणि कुणीतरी माझ्याशी हळू आवाजात बोलतंय. काय, ते ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मात्र मी ग्रंथपाल झाले होते.

“बाबा, ही कादंबरी आहे.”

“कशावरनं?”

“आई गेलीय बाबा.”

“तुला काय म्हाईत? तू लहान व्हतीस,” बाबा म्हणाले.

मला हसावं की रडावं ते कळेना. मी त्यांना नीट समजावलं. आत्मचरित्र म्हणजे जे घडलं ते. जे घडलं नाही ते कितीही खरं वाटलं तरी कादंबरी. त्यात कमीपणा काही नाही. उलट कादंबऱ्याच जास्त जातात, ते कपाट दिवसभर उघडं असतं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गाडीला पाटी कुठली लावतात गो? जायच्या गावची. कुठनं आली ते कोन लिवत न्हाय.”

“पुस्तक म्हणजे एसटी नाही.”

“मग कादंबरीत लावू नको. माजी बायको खोटी व्हती असं होईल त्यानं,” एवढं बोलून ते उठले. भिंतीला हात लावत लावत दाराकडे गेले.

मला राग आला होता, आणि तो कपाटांपुरता नव्हता. माझ्याकडे आईची एकच आठवण आहे. मागच्या पायरीवर कुणाच्या तरी मांडीत माझं डोकं आहे, केसांतून फणी फिरतेय आणि कानाशी बांगड्या वाजताहेत. चेहरा नाही, नुसता आवाज. एवढी एक आई मी जपून ठेवली होती. आता बाबांनी चष्म्याची, मेंदीची, बिरड्याची, भांडकुदळ अशी धडधाकट बाई माझ्यासमोर आणून उभी केली होती आणि तिच्यापुढे माझी ती फणीवाली टिकणार नव्हती. पुस्तक कादंबरीत गेलं तर माझी आई माझी राहिली असती. आत्मचरित्रात गेलं तर बाबांची त्यांना मिळाली असती. दोघींना एका कपाटात जागा नव्हती.

मग मी भित्र्या ग्रंथपालांनी करावं तेच केलं. पुस्तक संकीर्णमध्ये लावलं, गांडूळखताच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी बाबा आले ते थेट आत्मचरित्राच्या कपाटाशी गेले. नजर अधू, तरी बोटांनी पुस्तकांचे कणे चाचपत राहिले. नवी बांधणी हाताला कळली असती. कळली नाही तेव्हा त्यांनी विचारलं, “कुठं हाय?”

“दाराजवळच्या कपाटात.”

त्यांनी त्या कपाटाला हात लावला. बोटांना गंज लागला, तो धोतराला पुसला. आणि त्यानंतर वाचनालयात यायचे बंद झाले.

घरी सगळं नेहमीसारखं होतं. जेवत होते, रेडिओ ऐकत होते, आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगत होते. फक्त संध्याकाळ झाली की ओट्यावर बसून राहायचे. मी कुलूप लावून घरी यायची तेव्हा त्यांची टोपी डोक्यावर असायची, बाहेर निघालेल्या माणसासारखी. मला फार वाईट वाटायचं. पण मी हट्टी आहे, बाबांवरच गेले आहे.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. शेवटी मी त्यांना विचारलं. त्यांनी पुस्तक आधीच वाचलं होतं. सुपारी कातरत ते म्हणाले, “बाई, आत्मचरित्राच्या कपाटातलं खरं-खोटं तपासायला बसलो तर कपाट विकावं लागेल. एकजात सगळे त्यात बालपणापासून हुशार आहेत. तुमच्या वडिलांनी निदान बायकोला वाढवलं, स्वतःला नाही.” मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, “तुमच्या आईला मी पाहिलंय. ती भांडायची हे खरं आहे.”

ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच सांगायचं अशी आमच्याकडे पद्धत. त्यामुळे मला आई म्हणजे नुसती सोशिक, गोरी, देवभोळी बाई मिळाली होती, फोटोतल्यासारखी. त्या दुपारी मी डबा उघडलाच नाही. मी मागच्या पायरीची ती आठवण पुन्हा समोर घेतली. मांडी, फणी, बांगड्या. आणि वर्षानुवर्षं बाजूला सारलेला एक विचार आला. बांगड्या आत्याही घालायची. फणी तीही फिरवायची. माझी खरी म्हणून जपलेली आठवण कुठल्या कपाटात लावायची, हे मला सांगता आलं नसतं.

बाहेर वारा पडला होता. समुद्रसुद्धा लांब गेल्यासारखा वाटत होता. मी अर्धवट झोपेतल्यासारखी उठले, संकीर्णचं कुरकुरणारं दार उघडलं, पुस्तक काढलं, त्याच्या कण्यावरची चिठ्ठी पाण्याने भिजवून सोलली आणि दुसरी चिकटवली. आत्मचरित्राच्या कपाटात एका समाजसुधारकाच्या आणि एका गायिकेच्या मध्ये जागा केली. आईला दोन्हीकडची सोबत बरी होती. घरी जाऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले होते.

पुस्तक चांगलं गेलं. गावात ज्याने त्याने नेलं. कुणी परत देताना पोपटीच्या प्रकरणाची तारीफ केली, कुणी म्हणालं बोर्लीच्या गाडीची आठवण झाली. आईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि आमच्या गावात जे सगळ्यांना माहीत असतं त्याबद्दल बोलत नाहीत. बाहेरच्या कुणाला ते माहीत नसेल, हे आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या सुमारास सरकारी दवाखान्यात एक तरुण नर्स मराठवाड्यातून बदली होऊन आली होती. खोली घेऊन एकटी राहायची. समुद्राच्या आवाजाने सुरुवातीला झोप येत नाही म्हणून तिने वाचनालय लावलं. कपाटांवरच्या पाट्या वाचून ती स्वतःच पुस्तक निवडायची, मला काही विचारायची नाही. एके संध्याकाळी ती बाबांचं पुस्तक परत द्यायला आली. टेबलाभोवती नेहमीची मंडळी होती, बाबा कोपऱ्यात बसले होते.

“मॅडम,” ती म्हणाली, “आता कशा हायेत तुमच्या आई?”

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती चौकशी होती.

“नाही, शेवटी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, म्हणून विचारलं. थेंब घालायचा कंटाळा करतात म्हातारी माणसं. दिसतं का आता नीट?”

टेबलावरच्या वर्तमानपत्रांची सळसळ थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी आईची खुशाली विचारली होती. दुसऱ्या मुलींना येता-जाता विचारतात, आई काय करते गं, आई घरी आहे का. मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“बरं दिसतं आता,” मी म्हणाले. “सुईत दोरा स्वतः ओवते.”

“अगं बाई! चांगलं हाय की.”

“दुपारी झोप म्हटलं तर झोपत नाही. केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत बसते. डोळ्यांत कचरा जाईल म्हणून ओरडले की मलाच उलटं बोलते.”

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते माझ्या तोंडातून आपोआप येत होतं, आणि ती मला दिसत होती, मागच्या पडवीत पाय पसरून बसलेली, मांडीवर विळा, बाजूला हिरांचा ढीग. मला तिच्याबद्दल अजून बरंच काही सांगावंसं वाटत होतं. नर्स हसली. म्हणाली, “माझी आई पण अशीच. लई लांब हाय गावाकडं. मॅडम, रविवारी मला सुट्टी असती. तुमच्या आईंना भेटायला येऊ का?”

‘ये ना’ हे शब्द अगदी माझ्या ओठांवर होते.

“ये गो बाय,” कोपऱ्यातून बाबा म्हणाले. “रविवारी जेवायलाच ये. पन ती न्हाय आता. लई वर्सं झाली तिला जाऊन. ही लहान व्हती.”

माझ्या ऐकण्यात बाबांनी हे पहिल्यांदाच म्हटलं. ती पोर गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग ते अलगद टेबलावर ठेवून “येईन काका” म्हणाली आणि गेली. वर्तमानपत्रं पुन्हा वाजू लागली. मी पुस्तक उचललं आणि त्याच्या जागी, आत्मचरित्रात, नेऊन लावलं.

कुलूप लावून मी बाबांचा हात धरला आणि आम्ही घराकडे निघालो. रस्त्यात कुणी नव्हतं. वाडीच्या कुंपणापाशी आल्यावर मला राहवलं नाही.

“कशाला सांगितलंत?”

“पोर रविवारी दारात येऊन उबी ऱ्हायली असती. तिला कोन दाखवलं असतंस?”

ते बरोबर बोलत होते. बरोबर आहे हे मला कळत होतं, तरी मी लहान पोरीसारखी भर रस्त्यात उभी राहून रडत होते. बाबांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“रविवारपर्यंत तरी राहू द्यायचं होतंत आईला,” मी म्हणाले.